पडद्यावरचं बटण आणि विहिरीवरची मोटर

वाचकांचे प्रश्न : वीज आणि घर
(उत्तरं देत आहेत जळगाव एमआयडीसीत मोटर स्टार्टरची आणि घरगुती ऑटोमेशनची पॅनल बनवणारे एक कारागीर.)

प्रश्न : आमचं घर अमळनेर तालुक्यात, शेत घरापासून दोनेक किलोमीटरवर. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट नावाचं, घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर बसवून गेला. दिवे, पंखे, कूलर, गच्चीवरची टाकी, गेट आणि विहिरीवरची पाच एचपीची मोटर, सगळं त्याला जोडलंय. पण मोबाइल उघडला की पडदाभर चौकोनच चौकोन, आणि नावं इंग्रजीत. आमच्या आप्पांना आणि घरातल्या बायकांना त्यात काही सापडत नाही. माजघराच्या भिंतीवर टॅबलेट लावून आमच्या घरापुरतं वेगळं पॅनल करायचा विचार आहे. त्यावर काय ठेवावं, काय ठेवू नये?

उत्तर : दादा, तुम्हाला दिसतात ते चौकोन कोणी बसून मांडलेले नाहीत. होम असिस्टंट जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा चौकोन आपोआप काढतं. त्यात वायफायचा सिग्नल येतो, सेन्सरची बॅटरी येते, आणि मोटरही त्याच रांगेत येते. तो डॅशबोर्ड, म्हणजे चौकोनांचं ते पान, तसाच राहू द्या, मुलाला दुरुस्तीच्या वेळी लागेल. सेटिंगमधल्या डॅशबोर्डच्या भागात जाऊन एक नवा कोरा डॅशबोर्ड घ्या आणि टॅबलेटवर तोच उघडेल असं ठरवून द्या.

मांडणीला हात लावण्याआधी एक काम करा. माजघरात एक वही ठेवा आणि आठवडाभर घरात कोण कोणाला काय विचारतं ते तिच्यात टिपा. तुमच्याकडे बहुतेक हेच निघेल : ‘लाइट उनी का?’, ‘मोटर चालू शे का?’, ‘टाकी भरनी का?’, ‘गेट लावलं का?’ ज्या प्रश्नासाठी माणूस उठून बाहेर जातो किंवा शेतात फोन लावतो, तो प्रश्न पॅनलवर सगळ्यात वर. हॉलचा दिवा लावायला कोणी माजघरातल्या टॅबलेटपाशी जात नाही, हात सरळ बटणावर जातो. म्हणून खोल्यांचे दिवे-पंखे या पॅनलवर नकोत. अंगणातला दिवा आणि रात्रीचं ‘सगळं बंद’ एवढं ठेवा.

मांडणीसाठी ‘सेक्शन’ हा प्रकार निवडा. तो २०२४ मध्ये आला. कार्डं बोटाने ओढून हवी तिथे ठेवता येतात, कोड लिहावा लागत नाही. त्यात टाइल नावाचं कार्ड घ्या आणि मोठं करा, म्हणजे आप्पांना चष्मा शोधावा लागणार नाही. प्रत्येक कार्डाला ‘कधी दिसावं’ अशी अट घालता येते, ती जरूर वापरा. गेट लागलेलं असेल तर गेटचं कार्ड दिसायची गरजच नाही. उघडं राहिलं तर ते वर यावं. पडदा मोकळा असला की काय बिघडलंय ते लांबूनही कळतं.

नावं घरात बोलतात तीच द्या. ‘मागची खोली’, ‘ओटा’, ‘गच्चीची टाकी’. मात्र वस्तू पहिल्यांदा जोडताना नाव इंग्रजीत द्या आणि नंतर बदलून देवनागरी करा. कारण पहिल्या नावावरून सिस्टीम आतला ओळखक्रमांक बनवते, आणि मराठी नावाची ती रोमन अक्षरांत वेडीवाकडी मोडतोड करते. पुढे मुलाला काही दुरुस्त करायचं तर ते ओळखायला त्रास होतो.

आता मोटर. तुमच्या पत्रातली खरी गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

बऱ्याच घरी मोबाइलवर मोटर ‘चालू’ दिसते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की चालू करायचा हुकूम गेला. रिले, म्हणजे हुकमावर चालणारा छोटा स्विच, ओढला गेला. पण पुढे जास्त भार आल्यावर मोटर तोडणारा ओव्हरलोड ट्रिप झाला असेल, विजेच्या तीन फेजांच्या तारांपैकी एक फेज गेला असेल, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून मोटर कोरडी फिरत असेल, तरी पडद्यावर ‘चालू’च. शेतकरी त्या शब्दावर विसंबून दुसऱ्या कामाला लागतो आणि संध्याकाळी जाऊन बघतो तर वाफे कोरडे. पॅनलने हुकूम दाखवायचा नसतो, तिकडे खरोखर काय झालं ते दाखवायचं असतं. आम्ही लोखंडी पेटीचं पॅनल बनवतो तेव्हाही ‘चालू’चा दिवा बटणावरून घेत नाही, मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या, सोबत हलणाऱ्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून घेतो. कॉन्टॅक्टर खरंच ओढला गेला तरच दिवा लागतो. पडद्यालाही तोच नियम लावा.

तुमच्याकडे त्याच्याही एक पायरी पुढे जाता येईल. मोटरच्या एका वायरवर सीटी, म्हणजे करंट मोजणारं कडं, बसवा आणि ॲम्पिअर पडद्यावर आणा. पाच एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण सात-साडेसात ॲम्पिअर घेते. तुमची नेमकी किती घेते ते पाणी चांगलं पडत असताना एकदा बघून कार्डावरच लिहून ठेवा. मोटर कोरडी पडली की आकडा नेहमीपेक्षा बराच खाली येतो. एक फेज गेला तर उरलेल्या दोन वायरींतला करंट चढतो आणि वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. आकडा खाली गेला तर ‘पाणी नाही’ आणि वर गेला तर ‘लोड जास्त’, असे शब्द कार्डावर उमटू द्या. आकडा मुलाला कळेल, शब्द आप्पांना कळतील.

फेजचं एक सोपं काम. स्टार्टरच्या पेटीवर आर, वाय, बी असे लाल, पिवळा, निळा तीन दिवे असतात. तिन्ही लागले की थ्री फेज आली, हे आपल्याकडे शेतावरच्या पोरांनाही कळतं. पडद्यावर तेच तीन दिवे, त्याच क्रमाने, त्याच रंगात काढा. विजेचं दुसरं चित्र शोधत बसू नका. मोटरच्या कार्डाला मात्र नुसत्या रंगावर सोडू नका. स्टार्टरवर हिरवं बटण चालू करण्याचं आणि लाल बंद करण्याचं असतं. सबस्टेशनच्या पॅनलवर लाल दिवा म्हणजे ब्रेकर चालू आणि हिरवा म्हणजे बंद. तुमच्या घरात कोण काय बघत आलंय सांगता येत नाही. म्हणून ‘चालू’, ‘बंद’, ‘ट्रिप’, ‘संपर्क नाही’ हे शब्द मोठ्या अक्षरात हवेतच.

‘संपर्क नाही’ हा शब्द विसरू नका. घर आणि शेत यांच्यात निरोप बहुधा एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीने जात असतील. ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी काढली. कमी डेटात आणि तुटक्या संपर्कात चालावं हाच तिचा उद्देश, त्यामुळे शेतासाठी ती फार चांगली. पण तिच्यात शेवटचा निरोप जपून ठेवायची सोय आहे, आणि तिथे फसगत होते. दुपारी संपर्क तुटला तर दुपारचं ‘चालू’ रात्रीपर्यंत पडद्यावर तसंच राहू शकतं. यावर उपाय आहेत. निरोप पाठवणारं शेतावरचं यंत्र गप्प झालं की ‘मी गेलो’ असा निरोप सर्व्हरने त्याच्या वतीने जाहीर करावा, असं आधीच सांगून ठेवता येतं. शिवाय ठरावीक वेळेत नवीन आकडा आला नाही तर जुना बाद धरावा, अशी मुदतही होम असिस्टंटमध्ये घालता येते. मुलाला दोन्ही करून घ्यायला सांगा. कार्डाखाली ‘शेवटचा निरोप किती वाजता’ हेही दाखवा.

आणि शेतावरच्या यंत्राला वीज फीडरवरूनच, म्हणजे शेतीच्या वीजलाइनवरूनच, दिली असेल तर ती आजच बदला. फीडर गेला की यंत्रही जाईल आणि ‘लाइट नाही’ हे सांगायला कोणी उरणार नाही. छोटी बारा व्होल्टची बॅटरी आणि तिला सोलरची लहान प्लेट, एवढं पुरतं. ‘लाइट नाही’ आणि ‘संपर्क नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शेतकऱ्याने दोन्हींसाठी करायच्या हालचालीही वेगळ्या आहेत. तिथे मोबाइलची रेंज नसेल तर लोराचा, म्हणजे कमी डेटा लांबवर पाठवणाऱ्या रेडिओचा, विचार करा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याला परवाना लागत नाही, आणि मधे झाडी किंवा टेकाड फार नसेल तर दोन किलोमीटर त्याला जड नाही.

बटणाचं वायरिंग कसं आहे तेही बघून घ्या. पडद्यावरच्या बटणाने कॉन्टॅक्टर धरून ठेवायचा नाही. सेकंदभराची पल्स द्यायची : चालूचा रिले हिरव्या बटणाला समांतर, बंदचा रिले लाल बटणाच्या सिरीजमध्ये. मग धरून ठेवण्याचं काम स्टार्टरचं स्वतःचं होल्डिंग करतं, ओव्हरलोड आणि एक फेज गेला की मोटर तोडणारा प्रिव्हेंटर पहिल्यासारखेच कामात राहतात, आणि वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो. वीज आल्यावर आपण होऊन मोटर चालू होत नाही.

इथे अनेकांना वाटतं की ती आपण होऊनच चालू व्हावी. रात्रीची पाळी असते, बिबट्याची भीती, सापाची भीती, अंधारात बांधावरून जायचं. मला ती अडचण पूर्ण समजते. पण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर लावा असं महावितरण वर्षानुवर्षं का सांगतं ते लक्षात घ्या. वीज येताच एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, आणि उठताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट जास्त ओढते. ट्रान्सफॉर्मर जळतो आणि सगळ्यांचीच पाळी जाते. पडद्यावरचं ऑटोमेशन म्हणजे तोच ऑटो स्विच होता कामा नये. म्हणून तीन फेज येऊन काही मिनिटं स्थिर राहिले, की टॅबलेटवर ‘लाइट आली, मोटर लावू का?’ असं विचारणारं कार्ड वर आणा. घरातला माणूस बघेल, बटण दाबेल. रात्री बांधावरून जाणं वाचतं आणि निर्णय माणसाच्या हातात राहतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं : स्टार्टरच्या पेटीवर लोकल-रिमोट असा सिलेक्टर स्विच हवा. विहिरीत कोणी उतरलंय किंवा मोटर खोललीय आणि घरातल्या नातवाने टॅबलेटवर बोट लावलं, असं होता कामा नये. लोकलवर फिरवला की पडद्यावरचं बटण तारेनेच तुटलं पाहिजे, सॉफ्टवेअरवर सोडू नका. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद करून फ्यूज काढायची जुनी सवय तर कायम ठेवायचीच. सिलेक्टरची स्थितीही पडद्यावर आणा, म्हणजे बटण का चालत नाही म्हणून घरी गोंधळ होणार नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

टॅबलेटबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि कधी वरही जातो. लिथियम आयन बॅटरीला चार्जिंगसाठी सहसा ४५ अंशांपर्यंतचीच मर्यादा सांगितलेली असते. टॅबलेट पश्चिमेच्या भिंतीला लावला, वर लाकडी चौकट ठोकून बंद केला आणि चार्जर कायमचा खोचून ठेवला, तर बॅटरी फुगते, काच उचलली जाते. माजघराची आतली भिंत निवडा, मागे हवा खेळेल अशी जागा सोडा. चार्जर स्मार्ट प्लगवर घ्या आणि बॅटरी ८० टक्क्यांवर गेली की प्लग बंद, ३० वर आली की चालू, असं लावून द्या. फुली किऑस्क नावाचं ॲप टॅबलेटची बॅटरी होम असिस्टंटला कळवतं, शिवाय समोर माणूस आला की पडदा जागा करतं आणि दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ देत नाही. रास्पबेरी पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर वीज गेल्यावर नेमक्या गरजेच्या वेळी पॅनल काळं पडेल.

प्रश्न : धुळ्यात आमचा फ्लॅट आहे, वायरिंग वीसेक वर्षांपूर्वीचं. सगळे बोर्ड काढून काचेचे टच पॅनल बसवायचे आहेत, त्यावर आमच्या घराप्रमाणे चित्रं आणि नावं कोरून. एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं की टच पॅनलला न्यूट्रल (वीज परत जाणारी तार) लागते आणि जुन्या घरात ती बटणांच्या पेटीत नसते, सगळी भिंत फोडावी लागेल. खरं आहे का?

उत्तर : ताई, भिंत फोडायच्या आधी प्रत्येक बोर्डावर पाच पिनचा सॉकेट आहे का ते बघा. आपल्याकडे बटणांच्या बोर्डावरच सॉकेट द्यायची पद्धत आहे, आणि सॉकेट आला म्हणजे त्या पेटीत न्यूट्रल आलेलीच असते. वायरमनने टेस्टरवर न थांबता मीटर लावून खात्री करावी. अडचण येते ती जिन्याच्या टू-वे बटणाला, बाथरूमबाहेरच्या एकट्या बटणाला, अशा सॉकेट नसलेल्या पेट्यांना. तेवढ्यापुरती एक तार ओढावी लागेल, आणि पाइप मोकळा असेल तर तीही न फोडता ओढता येते.

टच पॅनल सगळीकडे बसवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघरात हाताला पीठ, तेल, पाणी. भाकरी थापता थापता एक्झॉस्ट लावायचा तर कोपराने दाबता येईल असं साधं बटण हवं. बाथरूमबाहेर आणि सासूबाईंच्या खोलीतही साधंच. रात्री अंधारात हाताला बटण लागतं, काच लागत नाही. अशा ठिकाणी आहेत ती मॉड्यूलर बटणं ठेवून त्यांच्यामागे छोटा रिले मॉड्यूल बसतो. बटणही चालतं आणि मोबाइलही. काच हॉलमध्ये आणि मोठ्या बेडरूममध्ये शोभेल.

कोरण्याबद्दल : कोरलेलं पुसता येत नाही. आज ‘अभ्यास’ लिहिलेली खोली मुलगी सासरी गेल्यावर पाहुण्यांची होते. काचेमागे फिल्मची पट्टी सरकवता येईल असं पॅनल मिळत असेल तर ते घ्या, पट्टी छापून बदलता येते. कोरायचंच असेल तर दिवा, पंखा, प्लग एवढीच चिन्हं कोरा. आणि एका पॅनलवर सहाच्या वर बटणं नकोत, मधे मोकळी जागा हवी.

गीझर आणि एसी या पॅनलच्या रिलेवर घेऊ नका. दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊ ॲम्पिअरच्या आसपास ओढतो. दहा ॲम्पिअर लिहिलेला रिले कागदावर पुरतो, पण रोज इतक्या काठावर चालवला की त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग बंद केलेला गीझर चालूच राहतो. पॅनलने छोटा कॉन्टॅक्टर ओढायचा आणि गीझरचा लोड कॉन्टॅक्टरने घ्यायचा. वीज जाऊन आली की गीझर ‘बंद’ स्थितीतच उठेल हेही ठरवून घ्या. पंख्याला दिव्याचा डिमर लावू देऊ नका, पंखा गुणगुणतो. त्याला कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर लागतो.

प्रश्न : भुसावळला डिप्लोमा करतो. घराचा नकाशा काढून त्यावर दिवे लुकलुकणारं पॅनल मला बनवायचं आहे. सर, त्यासाठी यामल (सेटिंग मजकुरात लिहायची पद्धत) शिकावं का?

उत्तर : जरूर शीक, मित्रा. पिक्चर एलिमेंट्स नावाच्या कार्डावर तुझा नकाशा पार्श्वभूमीला टाकता येतो आणि प्रत्येक चिन्हाची जागा डावीकडून आणि वरून किती टक्के, अशी द्यायची असते. हे यामलमध्ये लिहिलेलं बरं. इंडेंटेशनला, म्हणजे ओळीआधीच्या मोकळ्या जागेला, टॅब वापरू नको, स्पेसच लागतात. आणि जिथे ‘कुठे’ हा प्रश्न असतो तिथेच नकाशा काढ : कोणतं दार उघडं आहे, कोणत्या बाथरूममध्ये पाणी सांडतंय. रोजच्या दिव्यांना नकाशा लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ती चिन्हं बोटाखाली मावतही नाहीत, म्हणून नकाशा मोठ्या पडद्यापुरता ठेव.

प्रश्न : चोपड्याहून लिहितो. मुलगी बंगळुरूला असते. तिला तिकडून घराचं पॅनल दिसावं म्हणून इथल्या एका माणसाने राउटरवर पोर्ट उघडून दिलाय. काही धोका?

उत्तर : भाऊ, तो पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून घरात यायची उघडी वाट, बंद करून घ्या. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, आणि तुमचं गेट त्या पॅनलवर आहे. वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे फक्त घरच्यांना उघडणारी बंद वाट, बसवा किंवा होम असिस्टंटची पैसे भरून मिळणारी क्लाउड सेवा घ्या. मुलीला स्वतःचं वेगळं खातं द्या, ॲडमिनचं नको, आणि दोन टप्प्यांचा पासवर्ड लावा. एक लक्षात असू द्या : एखाद्या व्यक्तीपासून डॅशबोर्डचं पान लपवलं म्हणजे ती वस्तू तिच्यासाठी बंद झाली असं होत नाही, फक्त ते पान दिसत नाही. कॅमेरे तर भिंतीवरच्या पॅनलवर ठेवूच नका. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते बघतो.